आजीचे छायाचित्र

आमच्या घराच्या बैठकीत एक जुने छायाचित्र टांगलेले आहे. पाहुणा आला, की त्याची दृष्टी हटकून तिकडे जाते. चित्रातले अंगण फार सुरेख उतरले आहे. तुळशीवृंदावनाच्या कडा, त्याला टेकवून ठेवलेला केळीचा घड, मागची मातीची भिंत, सारे कसे स्वच्छ दिसते. घडाच्या फण्यासुद्धा मोजता येतात. मी त्या अनेकदा मोजल्या आहेत. त्या नऊ आहेत. पण अंगणाच्या अलीकडे, ओसरीच्या काठावर जी व्यक्ती बसली आहे, तिच्या पटक्याची आणि खांद्यांची तेवढी आकृती दिसते. चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख आहे. पाहुणा विचारतो, "हे कोण?"

ते माझे आजोबा. आणि ते छायाचित्र मीच काढलेले आहे.

आमचे गाव अर्धापूर. नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. केळीसाठी त्याचे नाव दूरवर माहीत आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवेगार मळे आणि घडांनी भरलेल्या मालमोटारी दिसू लागल्या, की अर्धापूर आले असे समजावे. आजोबांचाही केळीचा लहानसा मळा होता. १९८६ साली, मी बारा वर्षांचा असताना, माझे मामा सुटीत आमच्याकडे आले. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागे. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे निघत, आणि प्रत्येक चित्राला पैसे पडत. म्हणून मामा कॅमेरा कोणाच्या हाती सहसा देत नसत.

त्या दिवशी आजोबांनी मळ्यातून एक मोठा घड तोडून आणला होता. तो त्यांनी वृंदावनाशी टेकवला आणि घाम पुसत ते ओसरीच्या काठावर सावलीत बसले. मी मामांच्या मागे लागलो. शेवटी ते म्हणाले, "बरे, एकच काढ. रोलमध्ये तीनच उरली आहेत." त्यांनी कॅमेरा उन्हाच्या मापाने जुळवून माझ्या हाती दिला आणि ते हातपाय धुवायला विहिरीकडे गेले. मी माजघराच्या दारात उभा राहिलो. समोर आजोबा, त्यांच्या पाठीमागे झगझगीत अंगण. मी कळ दाबली. मला आकाश ठेंगणे झाले.

पंधरा दिवसांनी चित्रे धुऊन आली. आजोबांनी ते चित्र हातात घेतले, जवळ नेले, लांब धरले, आणि ते हसून म्हणाले, "केळी झकास आल्यात रे. पण यात मी कुठं हाय?" सगळे हसले. मीही हसलो. मामा म्हणाले, "हरकत नाही. पुढच्या खेपेला चांगले काढू."

पुढची खेप आलीच नाही. दुसऱ्या वर्षी वैशाखात आजोबा गेले. त्यांचे दुसरे छायाचित्र घरात नव्हते. आजीने तेच चित्र चौकटीत बसवून घेतले आणि भिंतीवर लावले. ती मला कधी काही बोलली नाही. पण त्या भिंतीवरून माझी नजर गेली, की मन खट्टू होई. आजोबा तर मला समोर धडधडीत दिसत होते. त्यांच्या मिशा, कपाळावरच्या आठ्या, हसताना बारीक होणारे डोळे, सारे मी पाहत होतो. मग जे मला दिसले, ते कॅमेऱ्याला का दिसले नाही?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला गावातच मिळाले. अर्धापुरात केशवराजाचे प्राचीन देऊळ आहे. भर दुपारी बाहेरच्या उन्हातून तेथे गेले, की गाभाऱ्यात प्रथम काहीच दिसत नाही. समईची ज्योत तेवढी दिसते. क्षणभर थांबावे. हळूहळू मूर्तीचा मुकुट दिसू लागतो, मग मुख, मग हातांतील आयुधे. मूर्ती तीच, ज्योतही तीच. बदलतो तो आपला डोळा. उन्हात आपली बाहुली आकुंचन पावून सुमारे दोन मिलिमीटरची होते, तर अंधारात ती सात-आठ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. शिवाय डोळ्याच्या आतला पडदाही अंधाराला सरावतो. त्याला मात्र थोडा वेळ लागतो. आपण अंगणाकडे पाहतो तेव्हा डोळा उन्हाचे माप घेतो, ओसरीकडे पाहतो तेव्हा सावलीचे. अशी निरनिराळ्या मापांची दर्शने मन एकत्र जोडते, आणि आपल्याला वाटते, की आपण सारे एकदमच पाहिले.

कॅमेऱ्याचे तसे नाही. तो एकदाच पाहतो आणि एकाच मापाने पाहतो. कळ दाबली, की त्याचा पडदा ठरावीक वेळ उघडतो, तेवढा प्रकाश आत येतो, आणि पडदा मिटतो. आता हे पाहा. भर उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे एक लाख लक्स इतका असतो. लक्स हे प्रकाश मोजण्याचे माप आहे. जाड भिंतींच्या घरात आतल्या बाजूला तोच प्रकाश शंभर लक्सच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. म्हणजे अंगण आणि माजघर यांत हजारपट अंतर! उन्हाला पुरेल एवढाच वेळ पडदा उघडा ठेवला, तर सावलीतला माणूस काळा पडतो. सावलीला पुरेल एवढा वेळ उघडा ठेवला, तर अंगण पांढरे फटक होऊन जाते. मामांनी कॅमेरा उन्हासाठी जुळवला होता. त्यामुळे केळीचा घड उजळ निघाला आणि आजोबा काळोखात राहिले. त्यांचा दोष नव्हता, उन्हाचाही नव्हता. माप एक होते आणि प्रकाश दोन होते.

अशी बरीच वर्षे गेली. मी शिक्षक झालो, नोकरीसाठी नांदेडला राहू लागलो. हळूहळू पैसे साठवून मी एक डिजिटल कॅमेरा घेतला. सुटीच्या दिवशी मी मळ्यांची, पाखरांची, बाजाराची छायाचित्रे काढीत असे. तोच २०१२ च्या उन्हाळ्यात वडिलांचा निरोप आला, की जुने घर आता पाडायचे ठरले आहे. घर माळवदाचे होते. मातीचे छत दर पावसाळ्यात गळे आणि दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती टाकावी लागे. तुळयांना वाळवी लागली होती. मृगाचा पाऊस येण्याआधी ते उतरवून नवे पक्के घर बांधायला घ्यायचे होते.

मी कॅमेरा घेऊन गावी गेलो. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे गेली होती. ओसरीतल्या लाकडी खांबाला टेकून बसायची तिची एक ठरलेली जागा होती. तेथून तिला एका बाजूला अंगणातली तुळस दिसे आणि दुसऱ्या बाजूला माजघरातली चूल व उतरंड. मी म्हणालो, "आजी, घर जाण्याआधी तुझा एक फोटो काढतो. अंगणात चल, तिथे उजेड चांगला आहे."

आजी जागची हलली नाही. ती म्हणाली, "उन्हात कशाला नेतोस, लेकरा? साठ वर्सं मी हितं बसले. माझा फोटू हितंच काढ. मी बी दिसले पाहिजे, तुळस बी दिसली पाहिजे, अन् माजघर बी."

मी चपापलो. ती नेमके तेच मागत होती, जे मला बाराव्या वर्षी साधले नव्हते. मी माजघराच्या आतल्या भिंतीशी उभा राहिलो. समोर ओसरीत आजी, तिच्या पलीकडे झगझगीत अंगण; आणि अलीकडे, माझ्या डाव्या हाताला, काळोखातली उतरंड. पंचवीस वर्षांपूर्वीचेच दृश्य, आजोबांच्या जागी आता आजी.

पहिल्याने मी कॅमेऱ्याचा झोतदिवा लावून पाहिला. लख्खकन उजेड पडला. आजीने डोळे गच्च मिटून घेतले. चित्रात तिचा चेहरा पिठासारखा पांढरा आला, बांगड्या नुसत्या चकाकल्या, आणि मागच्या भिंतीवर एक काळी कुळकुळीत सावली उभी राहिली. आजी म्हणाली, "ही वीज पुन्हा पाडू नको बाबा माझ्यावर." मी तो नाद सोडला.

त्या रात्री माळवदावर पडल्या पडल्या मी विचार करीत होतो. जगात ही अडचण माझ्या एकट्याची खास नव्हती. छायाचित्रणाची विद्या लहान होती, तेव्हापासून ती चालत आलेली आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. त्याला समुद्राची चित्रे काढायची होती. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांवर निळा प्रकाश फार लवकर उमटे. त्यामुळे समुद्र नीट यावा म्हणून थांबावे, तर आकाश कोरे पांढरे होई, ढगांचा मागमूस राहत नसे. १८५६-५७ च्या सुमारास ल ग्रेने एक युक्ती केली. त्याने समुद्रासाठी एक पट्टी वापरली आणि आकाशासाठी दुसरी. मग क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींचा मेळ घालून एकाच कागदावर चित्र छापले. खाली लाटा, वर ढग, दोन्ही जिथल्या तिथे! लोक ती चित्रे पाहून थक्क झाले.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा लाला दीनदयाळ हे विख्यात छायाचित्रकार निजामाच्या पदरी होते. त्यांनाही काचेच्या जड पट्ट्यांवरच काम करावे लागे. एकेका दृश्यासाठी अशा पाच-पाच पट्ट्या खर्ची घालणे म्हणजे केवढी उठाठेव! माझ्या मामांनाही छत्तीसांपैकी पाच चित्रे एकाच ओसरीवर उधळणे परवडले नसते. माझे दैव चांगले. माझ्या कॅमेऱ्याला रोलच लागत नव्हता. पाच काय, पन्नास चित्रे काढली तरी एक पैसा पडणार नव्हता.

छायाचित्रकार या युक्तीला 'ब्रॅकेटिंग' म्हणतात. ब्रॅकेट म्हणजे कंस. गणितात आपण घालतो तोच. मधोमध एक माप धरायचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, कमी प्रकाशाची व जास्त प्रकाशाची, आणखी मापे घ्यायची. म्हणजे दृश्यातला सारा प्रकाश जणू कंसात सापडतो. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला, की त्या एका पायरीला ते 'स्टॉप' म्हणतात. दोन स्टॉप म्हणजे चौपट. अशी निरनिराळ्या मापांची चित्रे एकत्र करून जे चित्र तयार होते, त्याला 'हाय डायनॅमिक रेंज', थोडक्यात 'एचडीआर', असे नाव आहे. अतितेजस्वी भागापासून अतिमंद भागापर्यंतचा लांब पल्ला त्यात मावतो, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयारीला लागलो. प्रथम कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला. पाच चित्रे एकावर एक बसवायची, तर कॅमेरा केसभरही हलता उपयोगाचा नाही. शेणाने सारवलेली जमीन थोडी उंचसखल होती. मी तिपाईच्या पायांखाली खापरीचे तुकडे दिले. भिंगाचे छिद्र एकदा ठरवले आणि मग त्याला हात लावला नाही. छिद्र लहानमोठे करूनही प्रकाश कमीजास्त करता येतो; पण तसे केले, की जवळच्या-लांबच्या वस्तूंचा रेखीवपणा बदलतो, आणि मग पाचही चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून बदलायचा तो फक्त वेळ. कॅमेऱ्याची नजर आजीच्या चेहऱ्यावर स्थिर केली. कळ बोटाने दाबली तरी कॅमेरा थरथरतो. म्हणून कळ दाबल्यावर दोन सेकंदांनी पडदा आपोआप उघडेल, अशी व्यवस्था केली.

पाच वेळा मी असे ठरवले: १/५०० सेकंद, १/१२५ सेकंद, १/३० सेकंद, १/८ सेकंद आणि १/२ सेकंद. प्रत्येक वेळ आधीच्या वेळेच्या सुमारे चौपट आहे. चार वेळा चौपट केली, की हिशोब २५६ पटीवर जातो. म्हणजे पहिल्या चित्रात जेवढा प्रकाश येणार, त्याच्या अडीचशे पटीहून थोडा अधिकउणा प्रकाश पाचव्यात येणार.

"आजी, आता हलू नकोस," मी म्हणालो. पहिले चित्र झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. तोच शेजारची शेळी दारातून आत डोकावली. आजीने मान वळवून "हड् हड्!" केले. मी तसेच पुढचे दोन वेळ उरकले. दुपारी संगणकावर पाचही चित्रे एकत्र केली, तर काय! खांबाशी एक आजी माझ्याकडे पाहत होती आणि तिच्यातूनच उगवलेली दुसरी धूसर आजी दाराकडे पाहत होती. शेळी तर अर्धीच होती. तिच्या पोटातून वृंदावन दिसत होते. छायाचित्रकार याला भूत म्हणतात. हलणारी वस्तू पाच चित्रांत पाच जागी असते. मग जुळणी करताना असा घोटाळा होतो. आजीला ते दाखवले, तेव्हा तिला हसू आवरेना. "एक जिती, अन् एक आधीच भूत झालेली!" ती म्हणाली.

मी मात्र हसू शकलो नाही. तिच्या त्या शब्दांनी माझ्या पोटात कसेसेच झाले. मला आजोबांचे "यात मी कुठं हाय?" आठवले. मी तिच्याजवळ बसलो आणि आजवर कधी न बोललेले बोललो. आजोबांचे चित्र माझ्यामुळे बिघडले, ते मला किती वर्षे टोचत आले आहे, हे तिला सांगितले. पाच चित्रे कशासाठी, न हलणे कशासाठी, तेही नीट समजावून दिले.

आजीने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "असं हाय व्हय? आधी सांगायचं की. पारायणाला मी दोन-दोन घंटे बसते. तुझ्या पाच फोटूंना बसंना का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. तुळशीचे पान हलत नव्हते. वडिलांनी बाहेरचे दार लोटून घेतले. आजी धुवट लुगडे नेसून खांबाशी येऊन बसली. एक हात तिने खांबावर ठेवला, दुसरा मांडीवर. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर पाहू लागली. ती इतकी निश्चल बसली होती, की मला माझाच श्वास मोठा वाटू लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. शेवटचा अर्धा सेकंद मला फार लांब वाटला. पडदा मिटल्याचा आवाज झाला. "झालं?" आजीने ओठ न हलवता विचारले. "झालं," मी म्हणालो, तेव्हा तिने सुस्कारा सोडला.

ती पाच चित्रे मी अजून जपून ठेवली आहेत. पहिल्यात अंगण रेखीव आहे, तुळशीचे पान न् पान दिसते. बाकी घर काळे. दुसऱ्यात ओसरीचा काठ उजळला आहे. तिसऱ्यात खांबावरची कोरीव वेलपत्ती वर आली आहे. चौथ्यात आजीचा चेहरा आहे, सुरकुत्यांसकट, डोळ्यांतल्या चमकेसकट. पाचव्यात माजघर दिसते: उतरंडीची मडकी, भिंतीतली देवळी, एक लाकडी खुंटी. पण त्या पाचव्या चित्रात अंगण नाहीच. तेथे नुसता पांढरा उजेड आहे.

संगणक ही पाच चित्रे कशी जुळवतो, ते सांगतो. समजा, एका घटनेचे पाच साक्षीदार आहेत. प्रत्येकाने थोडे पाहिले आहे, सारे कोणीच पाहिलेले नाही. शहाणा न्यायाधीश ज्याने जे नीट पाहिले, तेवढ्यापुरतेच त्याचे म्हणणे मानतो. संगणकही तेच करतो. चित्राच्या एकेका ठिपक्यापाशी तो थांबतो. जेथे ठिपका अगदी पांढरा किंवा अगदी काळा झाला आहे, ती साक्ष तो बाजूला ठेवतो. जेथे मधले मूल्य आहे, ती घेतो. कोणत्या चित्राला किती वेळ प्रकाश मिळाला, हे त्याला ठाऊक असते. त्यावरून तो त्या जागेच्या खऱ्या तेजाचा हिशोब मांडतो. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक या दोघांनी १९९७ साली असा हिशोब पद्धतशीर मांडून दाखवला. आता तर खिशातला मोबाईलही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अनेक चित्रे टिपतो आणि ती आतल्या आत जुळवून आपल्यापुढे एकच ठेवतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण जुळणी झाली, म्हणजे काम संपले असे नाही. कागदाचा सर्वांत शुभ्र भाग त्याच्या सर्वांत काळ्या भागापेक्षा जेमतेम शंभर पट उजळ असतो. हजार पटींचा पल्ला शंभरात बसवायचा, म्हणजे कोठे दाबावे लागते, कोठे उचलावे लागते. येथे माणसाची परीक्षा असते. मला तर हर्षवायू झाला होता. मी माजघर उजळले, ओसरी उजळली, कोपरान् कोपरा उजळला. उतरंडीच्या मागची जाळीसुद्धा दिसू लागली. मोठ्या अभिमानाने मी ते चित्र आजीपुढे धरले.

आजीने बराच वेळ पाहिले आणि मान हलवली. "हे आपलं घर न्हाई," ती म्हणाली. "माजघरात इतका उजेड कधी होता? दिवा लावल्याबिगर मडकं गावत नव्हतं. अन् अंगणातलं ऊन असं मळकं कसं झालं?"

मी नीट पाहिले. ती खरे बोलत होती. सगळीकडे उजेड वाटता वाटता उन्हाचे ऊनपण आणि सावलीचे सावलीपण दोन्ही मी घालवून बसलो होतो. आजीच्या सुरकुत्या दगडावर कोरल्यासारख्या झाल्या होत्या. त्या रात्री मी पुन्हा बसलो. माजघराला त्याचा काळोख परत दिला. फक्त इतका, की टक लावून पाहणाऱ्याला उतरंड ओळखू यावी. अंगणाला त्याचे ऊन परत दिले. आजीचा चेहरा ओसरीत असे, तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन मी ते चित्र कागदावर छापून आणले. आजी ते घेऊन खांबाशी बसली. तिचे बोट चित्रावर हळूहळू फिरत होते. तुळस, खांब, उतरंड. मग ते काळोखातल्या त्या खुंटीवर थांबले. "ही त्यांची पटक्याची खुंटी," ती म्हणाली. "मळ्यातून आले, की हितं पटका ठेवायचे." माझ्या नजरेला ती खुंटी तोवर नुसती खुंटी होती.

मग तिने विचारले, "लेकरा, ह्या युक्तीनं त्यांचा चेहरा निघंल का रे?"

मला तो प्रश्न येणार, हे ठाऊक होते. मी आधीच मामांकडून जुन्या फिल्मची पट्टी मागवून घेतली होती. ती उजेडासमोर धरून मी कितीदा तरी पाहिली होती. फिल्मवर उजळ भाग गडद उमटतो, आणि जेथे प्रकाश पोहोचलेला नसतो, ती जागा स्वच्छ पारदर्शक राहते. केळीचा घड तेथे काळाभोर उमटला होता. आजोबांच्या चेहऱ्याची जागा काचेसारखी रिकामी होती. पाच साक्षीदार असते, तर त्यांतल्या एकाने तरी आजोबांना पाहिले असते. माझ्याकडे एकच होता, आणि त्याने ते पाहिलेच नव्हते. जो प्रकाश पडद्यावर पडलाच नाही, तो मागाहून कोणतीही विद्या आणू शकत नाही.

"नाही आजी, ते नाही जमणार," मी म्हणालो.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे. तो पटका त्यांचाच हाय. मला तेवढा पुरतो. तू बारा वर्साचं लेकरू होतास. तुला तरी काय ठावं?"

आठ दिवसांनी घर उतरवायला सुरुवात झाली. प्रथम माळवदाची माती गेली, मग तुळया, मग भिंती. त्या खांबावर मात्र आजीने कुऱ्हाड पडू दिली नाही. तो नव्या घराच्या ओसरीत उभा आहे. त्याच्याशी टेकून ती पुढे चार वर्षे बसली.

आता ती दोन्ही छायाचित्रे बैठकीच्या भिंतीवर शेजारी शेजारी आहेत. माझी मुले पाहुण्यांना उत्साहाने माहिती देतात. ही आमची पणजी, हे जुने माजघर, ही खुंटी. मग ती शेजारच्या चित्राकडे वळतात. पाहुणा विचारतो, "आणि हे कोण?" धाकटी पुढे होते आणि सांगते, "हे आमचे पणजोबा. ते सावलीत बसले आहेत." मग ती पाहुण्याचे बोट धरून त्याला शेजारच्या चित्राकडे नेते आणि म्हणते, "हा पाहा, हा त्यांचा पटका ठेवण्याची खुंटी."